आजीवन लायसनची तारीख

मेल वाचता वाचता छोट्या इतका हसला की हातातला चहा त्याच्या विजारीवर सांडला.

"ताई, ऐक हे. हे गृहस्थ विचारतायत, तुमच्या प्रोग्रॅमच्या मते माझं आयुष्य चार महिन्यांनी संपतंय, तर घरी सांगून ठेवू का?"

छोट्या म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. वय पंचेचाळीस, कानशिलं पिकलेली, मुलगी कॉलेजात. पण घरात एकदा चिकटलेलं नाव असं सहजासहजी सुटत नाही. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत या बहीण-भावाची कंपनी होती. आतल्या खोलीत ताई कोड लिहायच्या, बाहेरच्या खोलीत छोट्या तो विकायचा आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायचा. कंपनी एवढीच.

विकायचे ते एकच टूल, तेही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. दोन डेटाबेस शेजारी ठेवायचे, कालच्यात आणि आजच्यात नेमका कुठे फरक पडलाय ते दाखवायचं, बस. ऐकायला फालतू वाटतं. पण ज्याने एकदा भलताच रकाना पुसून अख्ख्या कारखान्याचे पगार अडकवलेत ना, त्याला जाऊन विचारा.

मेल लिहिणारे गृहस्थ बावीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक. पुढच्या वर्षाची बिलं नीट निघतात का हे बघायला त्यांनी मशीनवरची तारीख सहा महिने पुढे ढकलली होती. हे लोक असं करतात, त्यात काही विशेष नाही. मग सवयीने ताईंचं टूल उघडलं, तर समोर पाटी: आपल्या लायसनची मुदत संपली आहे, आणि खाली आजपासून चार महिन्यांनंतरची तारीख. आणि त्यांच्या लायसनवर तर स्वच्छ लिहिलेलं, आजीवन.

ताई हसल्या नाहीत. आपल्या कोडात कुठे काय पाप दडवून ठेवलंय, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं.

त्या आत गेल्या, जुना कोड उघडला आणि पाऊण तासात ती ओळ सापडली. टूल पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. फुकट वापरून बघणाऱ्याला तीस दिवसांची मुदत, म्हणून मुदतीचा एक रकाना केला. आजीवनवाल्याला मुदत नाही, पण रकाना रिकामा सोडला की प्रोग्रॅम आडवा व्हायचा. तेव्हा सव्वीस वर्षांच्या त्या पोरीने काय करावं? तिने तिथे एक तारीख ठोकून दिली, आणि तारीख निवडली ती स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाची. त्या वयात पन्नाशीच्या पलीकडे जग असतं असं कुणाला वाटतं? तिला वाटलं, झालं, कायमचा बंदोबस्त झाला. आता तो वाढदिवस चार महिन्यांवर आला होता, आणि त्या दिवशी आजीवनवाल्या अकराशे लोकांची टूलं एका दमात बंद पडणार होती.

त्यांनी छोट्याला आत बोलावून ती ओळ दाखवली. छोट्या पुन्हा हसला, मग हसता हसता थांबला आणि खुर्ची ओढून बसला.

"ताई, याला आपण हातच लावायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण कुठे बंद करतोय? ते आपोआप बंद होतंय. लोक मेल करतील. आपण म्हणायचं, जुनं झालं तुमचं, नवीन व्हर्जन घ्या, तुम्हाला अर्ध्या किमतीत. निम्म्यांनी घेतलं तरी दोन वर्षांची चिंता मिटली."

"आणि आजीवन?"

"कुणाचं आजीवन? त्यांचं, टूलचं, की तुझं? लिहिलंय का कुठे? चोवीस वर्षं वापरलं त्यांनी. एवढा माझ्या घरातला फ्रिज टिकत नाही."

छोट्या लबाड नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. आजीवनची ती मूळ दुकानदारी ताईंची. पहिली सहा वर्षं त्यांनी असंच विकलं, एकदा पैसे द्या आणि जन्मभर वापरा. मग छोट्या आला, त्याने कपाळावर हात मारला आणि प्रत्येक मोठ्या व्हर्जनला पैसे घ्यायला सुरुवात केली. पण नवी गिऱ्हाइकं आता वर्षाला कमीकमीच होत होती, आणि जुने अकराशे एक छदाम न देता सगळ्यात जास्त प्रश्न विचारत होते. त्यांच्या प्रत्येक मेलला अठरा वर्षं गोड उत्तर देणारा माणूस हाच.

आणि त्याला एका मोठ्या कंपनीत नोकरी चालून आली होती. हे ताईंना माहीत होतं. महिनाअखेरपर्यंत त्याला हो किंवा नाही कळवायचं होतं. "पोरीची फी आहे ताई," एवढंच तो म्हणाला होता. जुन्यांकडून अपग्रेडचे पैसे आले तर तो राहणार, नाहीतर जाणार. यात समजायला अवघड असं काहीच नव्हतं.

"मला दोन दिवस दे," ताई म्हणाल्या.

खरं म्हणजे त्यांना वाटलं होतं की एक ओळ बदलायची, सगळ्यांना पाठवून द्यायची आणि मग बघू. पण ती तारीख प्रोग्रॅमच्या पोटातच होती. नवीन व्हर्जन जुन्या लोकांच्या जुन्या मशीनवर चालत नव्हतं. म्हणजे जुनी चारही व्हर्जनं पुन्हा बांधायची, आणि तीही त्या काळच्या कंपायलरवर. कंपायलर म्हणजे लिहिलेल्या कोडाचा चालता प्रोग्रॅम करून देणारं टूल. तो ताईंनी कधीकाळी रोख पैसे मोजून घेतला होता, पण ज्या मशीनवर होता ते दोन वर्षांपूर्वी जळलं. नव्या मशीनवर चढवायचा तर कंपायलरच्या कंपनीची परवानगी लागत होती.

आता गंमत बघा. ताईंनी फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता.

"मॅडम, ते व्हर्जन आम्ही बंद केलंय. आता सगळं वर्षाच्या भाड्यावर आहे. भाडं भरलंत की जुनी व्हर्जनंही वापरता येतात."

"मी ते विकत घेतलंय हो. माझ्याकडे पावती आहे."

"बरोबर आहे मॅडम. पण तुम्हाला आम्ही अपग्रेडसाठी पाच वेळा कळवलं होतं. निम्म्या किमतीत. तुम्ही एकदाही घेतलं नाहीत."

खरं होतं ते. पाचही वेळा ताईंनी मेल वाचला होता, "बघू पुढच्या वेळी" म्हणून बाजूला सारला होता आणि जुन्या कंपायलरवर वर्षानुवर्षं काम उरकलं होतं. वर छोट्यापाशी तक्रार करायच्या की लोक पैसे द्यायला नको म्हणतात. स्वतः मात्र त्याच लोकांतल्या एक. फोन ठेवल्यावर त्यांचे कान गरम झाले होते, आणि राग कुणावर काढावा तेच त्यांना कळेना. त्या मुलाचं काय चुकलं होतं? तोही कुणाचा तरी छोट्याच असणार. पण एक गोष्ट त्यांना जिव्हारी लागली. मी विकत घेतलंय, माझ्याकडे पावती आहे, हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या होत्या, त्याच आवाजात चार महिन्यांनी अकराशे लोक बोलणार होते.

भाड्याची रक्कम खात्यात होती. पण ते पैसे छोट्याच्या पुढच्या चार महिन्यांच्या पगारासाठी ठेवलेले होते. दुसरे पैसे नव्हते. ताईंनी घरी जाऊन खूप विचार केला, जेवणात लक्ष नव्हतं, दोनदा पंखा लावून पुन्हा बंद केला. छोट्याचं म्हणणं चूक आहे असं त्या स्वतःलाच पटवू शकत नव्हत्या. चोवीस वर्षं थोडी नसतात. कुणी त्यांना कोर्टात खेचणार नव्हतं, बहुतेकांनी तर मुकाट्याने पैसे भरले असते. आणि याच गोष्टीची त्यांना लाज वाटत होती. लोक मुकाट्याने भरतील, कारण त्यांना वाटेल की आपणच काहीतरी नीट वाचलं नसेल.

दुसऱ्या दिवशी त्या बाहेरच्या खोलीत येऊन छोट्यासमोर बसल्या.

"मी दुरुस्त करून देणार आहे. फुकट. कंपायलरचं वर्षाचं भाडं भरावं लागेल."

"किती?"

त्यांनी आकडा सांगितला. छोट्याने मान खाली घातली. हिशोब त्याच्याच हातातला होता, त्याला बेरीज करून दाखवायची गरज नव्हती.

"म्हणजे माझं ठरलं," तो म्हणाला.

"तू रागावलास."

"रागावलोय थोडा. जाईल." मग म्हणाला, "तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस ना?"

त्याचं बरोबर होतं. त्या सरळ खोटं कधी बोलत नसत, पण नको असलेलं उत्तर टाळायची त्यांची ही जुनी रीत होती आणि भावाला ती लहानपणापासून पाठ होती.

चार जुनी व्हर्जनं बांधायला तीन आठवडे लागले. ताईंच्या नाकी नऊ आले. आपलाच जुना कोड वाचताना माणसाला आपल्या तरुणपणाची जी कीव येते, ती दुसऱ्या कशाने येत नाही. छोट्याने नोकरीला होकार कळवला होता, पण निघायच्या आधी त्याने अकराशे पत्ते एक एक करून तपासले. पत्र ताईंनी लिहिलं. चूक माझी आहे, आजीवन लायसनमध्ये मी माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाची तारीख टाकून ठेवली होती, तेव्हा ती फार लांब वाटत होती. दुरुस्ती सोबत आहे, पैसे नाहीत. नवीन व्हर्जन हवं असेल तर ते मात्र विकतच मिळेल, कारण तेही लिहायला मला तीन वर्षं लागली आणि माझंही पोट आहे. छोट्याने पत्रातल्या पोटाला कात्री लावली आणि बाकीचं तसंच ठेवलं.

अकराशेंपैकी चारशे मेल पत्ता चुकीचा म्हणून परत आले. काही कंपन्या बुडाल्या होत्या, काही माणसं कुठच्या कुठे गेली होती. पन्नासएक जणांनी वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या. नवीन व्हर्जन एकतीस जणांनी घेतलं. एकतिसात छोट्याचा एक पगारही पुरता निघाला नसता, आणि त्याने तसं बोलूनही दाखवलं.

त्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी हिशोबनिसाच्या एका लहानशा ऑफिसातून मेल आला. लिहिणारी तिथली नवी मुलगी होती. छोट्याने स्क्रीन ताईंकडे वळवली. तिने लिहिलं होतं, लायसन आमच्या सरांच्या नावावर आहे. सर दोन वर्षांपूर्वी वारले. टूल आम्ही रोज वापरतो. आजीवन म्हणजे सरांच्या हयातीपुरतंच असणार, हे तुमच्या पत्रामुळे आमच्या लक्षात आलं. तेव्हा दोन वर्षांचे आणि नव्या लायसनचे मिळून किती पैसे भरायचे, ते कळवावे.

ताईंनी ते दोनदा वाचलं. कुणाचं आजीवन, हे छोट्याने विचारलेलं होतं, आणि इथे एक अनोळखी मुलगी स्वतःच्या विरुद्ध त्याचं उत्तर देऊन मोकळी झाली होती. पैसे घेतले असते तरी कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. किंमतपत्रक छोट्याच्या टेबलावरच पडलेलं होतं.

"काय लिहू?" तो म्हणाला.

"तूच लिही. आज तुझाच हक्क आहे."

छोट्या बराच वेळ टाइप करत राहिला, खोडत राहिला. शेवटी दोनच ओळी उरल्या. पैसे काही नाहीत. लायसनवर सरांचं नाव आहे तसंच राहू द्या.

त्याने पाठवून दिलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"छोट्या, मी तुझा पगार या लोकांना देऊन टाकला रे."

"माहितीये. मी असतो तर नसता दिला." तो पुढचा मेल उघडत होता. "पण दिलायस ना आता, मग नीट पोचू दे."

अजून बहात्तर मेल बाकी होते. एरवी साडेपाचला उठणारा माणूस, त्या दिवशी साडेसातपर्यंत बसून सगळ्यांना उत्तरं देऊन गेला. सोमवारी नऊ वाजता त्याला नव्या जागी हजर व्हायचं होतं.