गुरुवारच्या सहा भट्ट्या

कालिंदीने भट्टीच्या दारावर तळहात टेकवला आणि चटका बसताच मागे घेतला. दार म्हणजे चिणलेल्या विटांची भिंतच, आणि तिच्यातली एक वीटसुद्धा निघालेली नव्हती. रजिस्टरात मात्र हारान मिस्त्रीच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : भट्टी उघडली, गुरुवार, सकाळी आठ. आता अकरा वाजले होते.

बराकपूरच्या अलीकडच्या या कारखान्यात विजेच्या तारांसाठी चिनी मातीचे इन्सुलेटर भाजले जात. कालिंदी सबनीस इथे आकडेमोडीसाठी नेमलेली, गणितातली एम. एस्सी. जन्म कलकत्त्याचाच. गेले सहा महिने तिला एकच ध्यास लागला होता : या भट्टीची हुबेहूब नक्कल आकड्यांत उतरवायची. आच किती, माल किती जाड, भट्टी विझवून किती दिवस झाले, हे सारं ती कार्डांवर भोकं पाडून घेई आणि गठ्ठा उराशी धरून कलकत्त्याच्या मध्यवस्तीत, एस्प्लनेडला जाई. तिथल्या एका कंपनीचा कॉम्प्युटर तासांवर भाड्याने मिळे. माल बाहेरून आधी निवतो, आतून मागाहून, आणि या ओढाताणीत शंभरातले किती तडकतील, ते यंत्र कागदावर छापून देई.

एकतीस भट्ट्यांपैकी पंचवीस अगदी जुळल्या. सहांपाशी माशी शिंकली. यंत्र म्हणे, शंभरात नऊ फुटतील. प्रत्यक्षात फुटले दोन. लोक त्याला हारानच्या हाताचा गुण म्हणत. कालिंदीने कार्डं तीनतीनदा तपासली. काल हताश होऊन तिने भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं, तेव्हा दिसलं की सहाच्या सहा भट्ट्या गुरुवारी उघडलेल्या. म्हणून आज ती स्वतः इथे आली होती.

भट्टीचा मिस्त्री हारान पाल बाकावर बसून मातीच्या भांड्यातून चहा पीत होता.

"हारानदा, भट्टी तर बंद आहे," ती बंगालीत म्हणाली.

"बंदच असणार. आज गुरुवार."

"रजिस्टरात उघडली आहे."

"रजिस्टरात वेळापत्रकाप्रमाणे लिहायचं असतं, दिदिमणी. विझवल्यावर चौथा दिवस म्हणजे चौथा दिवस. पण गुरुवार लक्ष्मीचा. भट्टीतला माल म्हणजे लक्ष्मीच, तिला त्या दिवशी घराबाहेर कोण काढतं? आम्ही कुंभार. आजोबांनी कधी काढली नाही, बापाने नाही. मी उद्या काढेन."

कालिंदी मटकन शेजारच्या खोक्यावर बसली. माल एक दिवस जास्त निवला होता, यंत्र चुकलंच नव्हतं! तिला हसू आवरेना. मग हारानच्या पिकल्या मिशांकडे तिचं लक्ष गेलं आणि ते हसू तिथल्या तिथे विरलं. त्याच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. खोट्या नोंदीबद्दल इथे कोणाला माफी नव्हती.

"चुगली कुणी केली?" त्याने विचारलं.

"यंत्राने." तिने कडेला भोकं असलेला लांबलचक कागद उलगडला. "हे सहा आकडे बघा. चौथ्या दिवशी उघडल्या असत्या, तर दोन नव्हे, नऊ फुटले असते म्हणतं."

हारानने कागद हातात घेऊन त्या सहा आकड्यांवरून बोट फिरवलं.

"वीस वर्षांत एकाही साहेबाला कळलं नाही," तो पुटपुटला.

"मी तुमचं नाव घेणार नाही."

"मग यंत्राचं काय?"

"आकडे जुळत नाहीत म्हणून साहेब उद्या ते बंद करायला सांगतील."

"बरंच होईल. पोरं म्हणतात, ते आमच्या पोटावर पाय देणार आहे."

असं म्हणाला खरा, पण कागद काही त्याने परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कालिंदी मुख्य इंजिनिअर श्यामराव कर्णिकांसमोर उभी होती. तीन वर्षांपूर्वी ते नागपूरहून बदलून आले होते. खोलीत तिसरं कोणी नसलं की ते तिच्याशी मराठीत बोलत.

"पाचातली एक भट्टी चुकते. वर काय सांगू मी?"

"गणित बरोबर आहे, सर. मी घातलेले दिवस चुकीचे होते."

"चूक कुणाची?"

"माझी. टेबलाशी बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. सहा महिन्यांत एकदाही भट्टीला हात लावून पाहिला नाही."

"मग खरे दिवस घाला आणि दाखवा."

कालिंदी टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिली. त्या सहा भट्ट्या शुक्रवारी उघडल्या म्हटलं, तर पुढचा प्रश्न हारानचाच होता.

"खरे दिवस माझ्यापाशी नाहीत."

सहा महिन्यांच्या कष्टांवर तिने आपल्याच हाताने पाणी सोडलं होतं. कर्णिकांनाही वाईट वाटलं. या कॉम्प्युटरसाठी ते वरिष्ठांशी भांडले होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मग नाइलाज आहे. पुढच्या महिन्यापासून एस्प्लनेडचे तास बंद."

तेवढ्यात दार ढकलून हारान आत आला. अंगावर धुतलेलं धोतर, हातात यंत्राचा तो कागद आणि मेणकापडात गुंडाळलेली एक जाड वही. त्याने दोन्ही टेबलावर ठेवलं.

"साहेब, गुरुवारच्या त्या सहा भट्ट्या मी शुक्रवारी उघडल्या," तो हिंदीत म्हणाला.

कर्णिकांचा चेहरा कठोर झाला.

"रजिस्टरात खोटं लिहिणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर खरं इथे लिहीत आलो. वीस वर्षं."

कर्णिकांनी वही उघडली. सगळं बंगाली. तीन वर्षांनंतरही त्यांना दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. त्यांनी वही कालिंदीपुढे सरकवली. भट्टी कधी विझवली, कधी उघडली, हवा दमट की कोरडी, फुटले किती, सगळं होतं. सहा नव्हे, शेकडो भट्ट्या. कालिंदीला अक्षरं धूसर दिसू लागली.

"हारानदा, बंद पडलं तर बरं होईल म्हणाला होतात ना तुम्ही?"

"म्हणालो होतो. पण ज्याने मला पकडलं, ते मूर्ख नाही. मग त्याला अर्धवट शिकवून का सोडता?"

कर्णिकांनी खिडकीबाहेरच्या भट्टीच्या धुराड्याकडे पाहिलं. मग मराठीत म्हणाले,

"एक दिवस जास्त थांबलो तर नऊच्या जागी दोन?"

"हो सर. कुठल्याही वारी."

त्यांनी फोन उचलून एस्प्लनेडचा नंबर मागितला. पुढच्या महिन्याचे तास दुप्पट हवेत, एवढंच सांगून ठेवून दिला.

"रजिस्टराबद्दल लेखी ताकीद मिळेल," ते हारानला म्हणाले. "वेळापत्रक मी बदलतो. आता बसा."

भट्टीवरचं माणूस त्या खोलीतल्या खुर्चीवर आजवर बसलं नव्हतं. हारानने खांद्यावरच्या गमछ्याने आधी खुर्ची झाडली, मग पुसली, आणि कडेला टेकला. कालिंदीने पेन घेतलं. त्याने चष्मा लावला आणि पहिलं पान काढलं.

"लिहा, दिदिमणी. पहिली भट्टी. रविवारी विझवली. शुक्रवारी उघडली."