शिपायांच्या विरंगुळ्याची इमारत

मी एक जुनी इमारत आहे, पण मित्रांनो, मला कोणी म्हातारी म्हटले की राग येतो. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहराच्या कडेला जुन्या लष्करी बराकी आहेत. त्यांच्यात लाल विटांची, लांबट आणि बसक्या छपराची जी दिसते, ती मी. शिपाई बराकींत झोपत, मैदानावर कवायत करत आणि सुट्टी झाली की माझ्याकडे धावत. सगळ्यांत लाडकी मीच होते, हे मी जरा मिरवूनच सांगते.

मला बांधून सव्वाशे वर्षे होऊन गेली. रिकामा शिपाई दारूच्या गुत्त्यात जाऊन बसतो, म्हणून अधिकाऱ्यांनी ही जागा काढली. इथे कॉफी मिळे, वर्तमानपत्रे असत, एक बेसूर पियानोही होता. लांब फळ्यांच्या जमिनीवर लाकडी गोळा घरंगळवून नऊ खुंट्या पाडायचा खेळ रंगे. घरच्या आठवणीने रडवेला झालेला पोरगाही खुंट्या पडल्या की हसायचा. मग युद्धे आली. त्या खेळणाऱ्यांपैकी कितीतरी जण परत आलेच नाहीत. त्यांची नावे मला अजून आठवतात, पण ती विचारायला कोणी येत नाही.

पुढे शिपाई गेले, बराकींत लोकांची घरे झाली आणि माझ्यात मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या गेल्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! अलीकडे तर मला पाडून तिथे गाड्या उभ्या करायचे घाटत होते. किल्ली सांभाळणाऱ्या फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, तेवढ्या माझ्या बाजूच्या. जागा वापरात दिसावी म्हणून त्या मला समारंभांसाठी देत.

गेल्या श्रावणात त्यांच्याकडे नीता आली. ती मूळची पुण्याची, इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तिची मैत्रीण अश्लेषा इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते. अश्लेषाचे नुकतेच लग्न झाले होते आणि तिची पहिली मंगळागौर करायची होती. पूजा फ्लॅटमध्ये होते हो, पण फुगडी कशी घालणार? खालचे शेजारी लगेच दार वाजवतात. म्हणून खेळांसाठी माझी निवड झाली. पंचांगात मंगळवार होता, पण सुट्टी सगळ्यांना शनिवारीच, तेव्हा खेळ शनिवारी ठरले.

दारातच सगळ्यांनी चपला काढल्या. मला नवलच वाटले. आजवर माझ्यावर नाल ठोकलेले बूट वाजले होते, अनवाणी पावले पहिल्यांदाच लागत होती. झिम्मा झाला, पिंगा झाला. नऊवारी नेसलेली अश्लेषा घामाघूम झाली तरी थांबेना. नीताच्या सासूबाई, कुसुमताई, पुण्याहून तिच्याकडे राहायला आल्या होत्या. त्याही पदर खोचून फुगडीला उभ्या राहिल्या. फ्राउ लिंडनर भिंतीशी बसून टाळ्या वाजवत होत्या. इतक्या वर्षांनी माझ्यात कोणी मनापासून खेळत होते आणि मला फार फार बरे वाटत होते.

पण मला एक दुखणे जडले होते. खिडकीजवळच्या फळ्यांखाली पाण्याचा पाइप झिरपत होता आणि लाकूड आतून कुजत चालले होते. तपासायला येणारे बूट घालून येत, त्यांना ते कधी कळलेच नाही.

फुगडी घालता घालता कुसुमताई मध्येच थांबल्या.

"नीता, इथली फळी बघ गं. गार लागतेय, आणि पाय दबतोय."

नीताने पाऊल टेकवून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "आई, आत्ता नको ना. फ्राउ लिंडनरना कळलं तर त्यांना हॉल बंदच करावा लागेल. आणि पाडायचं म्हणणाऱ्यांना निमित्तच हवंय. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण त्या साइडला खेळू."

"आणि पुढच्या खेपेला इथे कुणाचा पाय मोडला म्हणजे?"

"शुभ दिवशी असं काय बोलता, आई?"

"खेळायला जागा दिली या वास्तूने आपल्याला. हिचं दुखणं झाकून वर नाचायचं, हे मला नाही जमायचं."

अश्लेषाचे डोळे भरून आले. मीही धास्तावले. सांगितले तर मला पाडतील, नाही सांगितले तर मी कुजून जाईन.

कुसुमताईंना जर्मन येत नव्हते. त्यांनी फ्राउ लिंडनरना हाताला धरून तिथे आणले आणि त्यांचा तळहात फळीवर टेकवला. फ्राउ लिंडनरनी शेजारच्या दोन फळ्याही दाबून पाहिल्या. मग उठून म्हणाल्या, "नीता, माफ करा. मला कुलूप लावावं लागेल."

बायकांनी उसळ आणि पुऱ्या बाहेरच्या गवतावर बसून खाल्ल्या. "सगळ्यावर विरजण पडलं," एकजण म्हणालीच, आणि ते कुसुमताईंनी ऐकले. महिनाभराने त्या पुण्याला परत गेल्या तेव्हाही मला कुलूपच होते.

पुढे सुतारांनी फळ्या उचकटल्या. एक तुळई कुजून गेली होती, बाकी सगळे शाबूत होते. आणखी एक हिवाळा गेला असता तर काही उरले नसते, असे ते म्हणाले. पाइप बदलला, नवी तुळई बसली. धडधाकट इमारत पाडा म्हणायला मग कोणाची जीभ रेटेना.

यंदाच्या श्रावणात अश्लेषाने राहिलेली फुगडी घातली. कुसुमताई नव्हत्या, गुडघ्यांमुळे त्यांना आता एवढा प्रवास झेपत नाही. नीताने माझ्या दारातून त्यांना फोन लावला.

"आई, हॉल वाचला. तुमच्यामुळे."

पलीकडून मग आवाज आला, "मग खेळा की गं. फोनवर काय वेळ घालवता?"

मित्रांनो, आम्हा इमारतींना कुठे दुखते ते सांगता येत नाही. कोणीतरी थांबून ते सांगावे लागते, आणि नेमके ऐन आनंदाच्या वेळीच सांगावे लागते. तुमच्यात असे कोणी थांबले, तर रसभंग केला म्हणून त्याला गप्प बसवू नका. मला कुलूप लागले त्या शनिवारी घरी जाताना कुसुमताई सगळ्यांच्या मागून एकट्याच चालत होत्या.