आवाज येतो, चित्र नाही

बायको गेली त्याच आठवड्यात ड्रायव्हरसाहेबांचा मॉनिटर आंधळा झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, दुसरं काय! यंत्राला थोडंच दुःख होतं?

दुःख खुद्द साहेबांनाही होत नव्हतं. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी परक्याचा वाटतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. जन्मभर बस चालवलेला माणूस. आता दाढी करत होता, जेवत होता, कुणी विचारलं की "बरं चाललंय" म्हणत होता.

दूरच्या शहरातली त्यांची एकुलती एक लेक ठमी तेव्हा नेमकी दिवस भरत आलेली. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली, त्यामुळे आईचं तोंडही तिला बघता आलं नाही. ती रोज कॉम्प्युटरवर कॉल करायची. तो आपोआप लागेल अशी सोय आईनेच करून ठेवली होती. तिला बाबा दिसायचे; बाबांपुढे काळा पडदा आणि तिचा खणखणीत आवाज.

"मी मजेत आहे हो! तुम्ही आधी तो मॉनिटर बघून घ्या."

पोरगी धीराची निघाली, असं त्यांना वाटायचं. मॉनिटरचं मात्र आज करू, उद्या करू चाललं होतं. मग बाळ झालं आणि टाळायला जागा उरली नाही. नातू बघूनही आत काही हललं नाही तर? भीती एवढीच होती.

मेकॅनिक आला. बटणाजवळचा दिवा लागतोय, म्हणजे वीज येतेय. वायर काढून घट्ट बसवली, मग स्वतःजवळची दुसरी लावून पाहिली. पडदा ढिम्म. शेवटी त्याने खिडकी लावून घेतली आणि टॉर्च काचेला तिरका टेकवला. उजेडाच्या गोलात पुसट चित्र दिसलं.

"मेलेला नाही, साहेब. चित्र उमटतंय, मागचा उजेड गेलाय. खाली गाडीत दुसरा मॉनिटर आहे, लगेच घेऊन येतो."

टॉर्च टेबलावर ठेवून तो जिना उतरतो न उतरतो तोच कॉल लागला.

"बाबा, बघा कोण आलंय! अरे हो, तुम्हाला कुठलं दिसायला!"

साहेबांनी टॉर्च टेकवला. गोलात एक मूठ आली, मग कान, मग जांभई देणारं इवलंसं तोंड. आत काहीच हललं नाही. ज्याला भ्यालो तेच खरं झालं, असं त्यांना वाटलं.

"मामावर जायला मामाच नाही, म्हणून आजोबांवरच गेलीय स्वारी!" ठमी हसली.

त्यांनी टॉर्च वर सरकवला. हसण्याचा आवाज येत होता आणि पोरीचे डोळे सुजून लाल झाले होते. वाक्य संपलं की ती ओठ दाताखाली धरायची, खांद्याला गाल पुसायची आणि पुन्हा तसंच खणखणीत बोलायची. रोज ती अशीच बोलत असणार. बाबांना दिसत नाही, या भरवशावर.

"ठमे," ते म्हणाले, "मला दिसतंय गं."

खणखणीत आवाज तुटला, आणि ठमीला रडू फुटलं.

आई गेल्याचंही तिला शेजारणीनेच फोन करून सांगितलं होतं. साहेबांच्या तोंडून ते अजून कुणापुढेच निघालं नव्हतं.

"तुझी आई गेली गं, ठमे," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले.