उसनी गांडुळे

गारगोटीकडच्या त्या गावात गांडूळ खताचे पाच हौद सरकारी अनुदानासाठी तपासले जायचे होते, आणि गांडुळे होती एकाच हौदात. तो हौद शालूबाईंचा. बाकी चौघांनी विटा रचल्या, वर शेण ओतले आणि अर्ज पुढे सरकवले. शालूबाईंनी मात्र सहा महिने रोज हातांनी शेण कालवून, पाणी शिंपडून तो जीव वाढवला होता.

नवा कृषी सहायक प्रसेनजीत हे सारे जाणून होता. तरीही सरपंच गणपतरावांनी खांद्यावर हात टाकला तेव्हा त्याच्या तोंडून नकार निघाला नाही. मोठ्या आवाजापुढे तो नेहमीच 'हो' म्हणून मोकळा होई.

"शालूकडनं पाटीभर आणा की! सायब च्या पिईस्तोवर तुमी फटफटीवरनं फुडच्या हौदाला. तिचा हौद शेवटी ठिवू, तवर परत सोडा. कुणाचं काय जातंय?"

प्रसेनजीत दारात आला तेव्हा शालूबाईंनी कारणसुद्धा विचारले नाही. आपल्या मैत्रिणीचा, सरुबाईचा ल्योक मागतोय, म्हणजे गावाला शिकवायलाच मागत असणार, असे धरून त्यांनी हौद जवळजवळ रिकामा केला.

"ने बाबा. पर जपून. लई हळवी हैत ती."

चैत्राचे ऊन होते. पहिल्या हौदातून गांडुळे पुन्हा गोळा करताना शेणासकट ती पाटीत मावेनात, म्हणून गोठ्यातले एक रिकामे पोते त्याने घाईने उचलले. त्याच पोत्यातून ती दुसऱ्या हौदात गेली, तिसऱ्या, चौथ्या. साहेब प्रत्येक ठिकाणी वाकले, वळवळ पाहिली, मान डोलावली. चारही अर्ज मंजूर झाले.

शालूबाईंच्या हौदात त्याने पोते उलटे केले, तेव्हा पांढुरक्या, निपचित दोऱ्यांचा एक गुंता खाली पडला. पोते युरियाचे होते; आत चिकटलेल्या खतानेच ती मेली होती. शेतीची पदविका घेतलेल्या माणसाने ते चार हौद फिरवले होते. तोवर साहेबांची जीप दारात उभी राहिली, मागोमाग गणपतराव आणि गावकरीही आले.

"ही तर मेलेली आहेत, बाई."

शालूबाईंनी मूठभर शेण उचलून हुंगले. मग त्या प्रसेनजीतकडे वळल्या. "युरियाचा वास येतोय. सांग की सायबास्नी, कुणी न्हेलती ते."

त्याने पोते पायाने मागे सारले. एक शब्द पुरेसा होता. 

"ह्यो न्हाय बोलायचा," शालूबाई म्हणाल्या. "सायब, बाकीच्यांनी नुसतं श्याण वतलंय. चारी हौदांत तुमी बघितली ती माजीच गांडुळं हुती."

"वळाकलीस व्हय गं?" गणपतराव गरजले. "गळ्यात पट्टं बांधलंवतंस काय?"

जमलेली माणसे खदखदून हसली. साहेबही हसले आणि प्रसेनजीतकडे वळले. "काय हो, खरं आहे का हे?"

"मला... काही कल्पना नाही, सर."

आणि बोलता बोलता तोही हसला. अगदी बारीक, इतरांच्या हसण्याला लागून आलेले ते हसू होते, पण शालूबाईंनी ते पाहिले. त्याला ते पुसून टाकायचे होते, चेहरा ऐकेना.

साहेबांनी शेरा सांगितला, त्याने तो वळणदार अक्षरात लिहिला. जीपमागून माणसे पांगली. कागदावर शालूबाईंचा अंगठा तेवढा उरला होता.

"काय लिवलंस? वाच."

"मावशी, ते... नेहमीचंच..."

"वाच म्हंते न्हवं!"

त्याने वाचले. "हौदात जिवंत गांडुळे आढळली नाहीत. लाभार्थीने योग्य निगा न राखल्यामुळे अनुदानास अपात्र."

"पुन्यांदा वाच. निगा काय?"

त्याने पुन्हा वाचले. आपलाच आवाज त्याला परक्या माणसाचा वाटला.

शालूबाईंनी अंगठा पुढे केला. तो शेणाने माखलेला होता आणि त्यांनी तो पुसला नाही. शाईच्या डबीवर टेकवण्यासाठी प्रसेनजीतला तो हातात धरावा लागला. त्याने धरला, आणि ठसा उमटेपर्यंत मान खालीच ठेवली.