नामाच्या वेळी सोडलेली मासळी

जेवून नामा उठायला लागला की आई दुसरीकडे बघायची. आधी तो पालथा व्हायचा, मग ओणवा, मग आपल्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत कसाबसा उभा राहायचा. माझा हा धाकटा भाऊ. पोटऱ्या मात्र अशा भरदार, की मिठागरावरची माणसं त्या थोपटून म्हणायची, रोहिदासचा पोरगा बापाला मागं टाकणार. मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, म्हणून आमच्या गावात मुलाची पारख पोटरीवरून. कसली पारख नि कसलं काय! त्या पोटऱ्यांत बळच नव्हतं.

माझ्या आजीनं, पुतळाबाईनं, याचं कारण केव्हाच शोधून ठेवलं होतं. मला मुलगा दे, तो पोटात आहे तोवर मासळी तोंडात घालणार नाही, असा आईनं एकविरेला नवस केला होता. खाडीकाठच्या बाईनं मासळी सोडायची म्हणजे जेवणच सोडायचं. तेव्हा खाल्लं नाहीस म्हणून पोराच्या पायांत जीव नाही, असं आजी येताजाता ऐकवायची. आईला ते मनोमन पटलेलं होतं. मग ती भरपाई करायला लागली. खाडीतल्या निवट्यांचं कालवण, चिंबोऱ्या, अंडी, सगळं नामाच्या ताटात. माझ्या वाट्याला पेज आणि कालवणाचं पाणी. भयंकर राग यायचा मला. आणि मजा बघा, पेजेवर वाढलेली मी मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून पळायचे, आणि नामा उंबऱ्याला अडखळून पडायचा.

गोवा सुटलं त्या साली आईला पुन्हा दिवस गेले. या खेपेला तिनं मासळी सोडली नाही, उलट मन लावून खाल्ली. आणि अशातच नामा बांधावर पडला तो त्याला उठताच येईना. बा त्याला खांद्यावर घालून मोऱ्याच्या बंदरातून लाँचीनं मुंबईला मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. आई आणि मीही गेलो.

डॉक्टर वयस्कर होते, शांत. आईनं नवसाचं सगळं सांगितलं, पण खाण्यापिण्याचं त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. आईला विचारलं, तुमचे भाऊ कसे आहेत? आईनं खरं ते सांगितलं. तिचे दोन्ही भाऊ लहानपणीच अंथरुणाला खिळून वारले होते. बाहेरचं काहीतरी लागलं, असं तिच्या माहेरी सगळे मानत.

"तुमच्या नवसामुळं नाही झालं हे, बाई," डॉक्टर म्हणाले. "आईकडून येतं. मुलींच्या अंगात लपून राहतं, मुलांना धरतं. याचे स्नायू असेच झिजत जाणार. त्याला जेवू द्या, पण कोंबू नका. वजन चढलं तर पाय आणखी लवकर जातील."

आईनं पोटावर पदर ओढला. "आनि ह्यो पोरगा असला तर?"

"धरेल किंवा नाही धरणार. आधी कळायला काही मार्ग नाही. मुलगी झाली तर बहुतेक नीट चालेल-फिरेल, हिच्यासारखी." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

येताना लाँचीत बा एवढंच बोलला, की आजीला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, नाहीतर म्हातारी दुसरी सून आणायला निघेल.

आमच्या घरचं सगळं उलटंच झालं. आई नामाला मोजकं वाढायला लागली. तो ताट पुढं करून अजून मागायचा, आणि ती हंडी झाकून परसात निघून जायची. पोराच्या तोंडचा घास काढते म्हणून आजी शेजारणींना बोलावून सांगायची. आईनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. संध्याकाळी दिव्यापाशी आजी मोठ्यानं नातू मागायची, आणि शेजारी बसून आई ओठांतल्या ओठांत म्हणायची, "आई एकविरे, पोरगी दे." मला ऐकू यायचं. एका देवीनं कुणाकुणाचं ऐकायचं?

पावसाळा सरताना आई बाळंत झाली. सुईण कमळी बाहेर येऊन हसली आणि आजीनं पितळी थाळी वाजवायला घेतली. मुलगा! मिठागरावरची माणसं दारात जमली. बा त्यांच्या हातावर साखर ठेवत होता, मान खाली घालून. लोकांना वाटलं, गडी लाजतोय.

नामाचं चालणं तोवर संपलं होतं. त्यानं हट्ट धरला म्हणून मी त्याला काखेत हात घालून आईच्या बाजेशी ओढत नेलं. तो बाळाकडे बघत राहिला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"आये," तो म्हणाला, "आता मी नाय गेलो तरी चालल. ह्यो जाईल बाच्या संगती मिठागरावर."

आईनं बाळाचे पाय पदरात गुंडाळून घेतले.

"जाईल की," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "गोजरे, दार लोटून घे."