माझे पोट शेजाऱ्याकडे होते

मित्रांनो, मी एक जुना पतंग आहे. आकाराने तांदळाच्या दाण्याएवढा, राखाडी पंखांवर एक तांबूस पट्टी आणि पाठीतून आरपार गेलेली टाचणी. हळहळणार असाल तर आधीच सांगतो, मला कोणाची दया नको. मी माझ्या हक्काची गोष्ट सांगणार आहे आणि ती तुम्ही शेवटपर्यंत ऐकायची.

माझा जन्म एका दवाखान्यामागच्या झुडपात झाला. पंख फुटून दोन दिवसही झाले नव्हते. भिंतीवर डुलकी काढत होतो, तेवढ्यात पकडला गेलो. पकडणारा माणूस संग्रहालयात किडे मांडण्याचे काम करी. लेकीला सुई टोचून घ्यायला तो आला होता आणि पोरीने रडून दवाखाना डोक्यावर घेतला होता. त्याने औषधाची रिकामी बाटली माझ्यावर पालथी घातली आणि तिला दाखवली. तिचे रडणे थांबले. माझे उडणेही थांबले, पण त्याचे कोणाला काय!

संग्रहालयात त्याला सगळे डिंककाका म्हणत, कारण त्याची बोटे कायम चिकट असत. हात मात्र इतका हलका, की माझ्या पंखांवरचा एक कणही सांडला नाही. माझ्या टाचणीत त्याने चिठ्ठी खोवली : ‘दवाखान्याची भिंत, सकाळ.’ मग काचेच्या झाकणाचा खण, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि डावीकडे शेजारी म्हणून धान्यात होणारा एक साधा पतंग.

काही वर्षांनी कपाटे दुसऱ्या खोलीत हलवली. हमालांनी आमचा खण आपटला आणि आम्हा दोघांची पोटे गळून पडली. गळालेला भाग कागदाच्या पुडीत ठेवावा, कोणाचा ते कळत नसेल तर तसे लिहावे, असा तिथला नियम. पण डिंककाकाला अर्धवट काही बघवत नसे. त्याने दोन्ही पोटे उचलली आणि चिकटवून टाकली. माझे त्याला, त्याचे मला!

आता आमच्यासारख्या बारक्यांची जात नुसत्या पंखांवरून पक्की ठरत नाही. पोटाच्या टोकाशी कुलपासारखा एक बारीक अवयव असतो आणि तो प्रत्येक जातीचा निराळा. विभागाच्या मोठ्या साहेबांनी माझे, म्हणजे शेजाऱ्याचे, पोट काढून भिंगाखाली पाहिले आणि चिठ्ठी लिहिली : ‘धान्यातला पतंग. सामान्य.’ मी आतल्या आत ओरडलो, अहो, ते पोट माझे नाही! पण टाचलेल्याचे कोण ऐकतो? ती चिठ्ठी मी बावीस वर्षे वागवली.

दरम्यान ती रडणारी पोर शिकून मोठी झाली आणि त्याच खोलीत कामाला लागली. एकदा खणांची सफाई निघाली. ‘सामान्य’ चिठ्ठीवाले सगळे शुक्रवारी महाविद्यालयाच्या मुलांना हात बसवण्यासाठी द्यायचे ठरले. हात बसेपर्यंत आमचा चुरा होणार, हे सांगायला नकोच. माझ्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर तिला वडिलांचे अक्षर दिसले. केवळ मायेपोटी तिने मला भिंगाखाली धरले आणि तिला दिसला माझ्या कमरेवर वाळलेला डिंकाचा थेंब. तसाच शेजाऱ्याच्याही कमरेवर.

“साहेब, याला डिंक लावलाय. तुम्ही तपासलेलं पोट याचं नसेल,” ती म्हणाली.

“जात मी स्वतः ठरवलीय. देऊन टाका.”

“मी नाही देणार.”

“बरं, मग हे जोडलं कोणी? ते आहे का ठाऊक?”

डिंक कोणाचा हे तिला पक्के ठाऊक होते. सांगावे तर वडिलांच्या आयुष्यभराच्या कामाला बट्टा लागणार, न सांगावे तर माझा चुरा होणार. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

घरी काय बोलणे झाले कोण जाणे. पण गुरुवारी डिंककाका काठी टेकत हजर! तो माझ्यावर वाकला, कमरेवरचा डिंक निरखला. मग म्हणाला, “साहेब, दोन्ही पोटं मीच चिकटवली. कुठलं कोणाचं ते बघितलंच नाही.”

“काका, हे लेखी द्यावं लागेल. लोक तुमच्या सगळ्याच कामावर बोट ठेवतील.”

“ठेवू देत! चूक माझी, आणि फेकता याला होय?”

साहेबांनी भिंग पुढे सरकवले. लेकीने शेजाऱ्याला चिकटलेले माझे पोट सोडवले, भिंगाखाली नेले आणि एकेक पुस्तक उघडत गेली. तसले कुलूप कुठल्याच पुस्तकात नव्हते. दवाखान्यामागे तिला माझे आणखी भाऊबंदही सापडले. पुढे वर्षभर तिने माझे पंख मोजले, चित्रे काढली, लेख लिहिला. मी नवी जात ठरलो. त्या जातीचा पहिला नमुना म्हणून माझ्या टाचणीत लाल चिठ्ठी आली.

साहेब हळूच म्हणाले, “माझी ती जुनी चिठ्ठी काढली तर?”

“टाचणीवरची चिठ्ठी कधी काढायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत,” ती म्हणाली.

त्यामुळे आज माझ्या टाचणीवर चार चिठ्ठ्या आहेत. दवाखान्याची. ‘सामान्य’वाली. थरथरत्या अक्षरातली ‘पोट मी चुकीचे चिकटवले होते’ ही. आणि सगळ्यांत खाली लाल. चारही मी ताठ मानेने मिरवतो, आणि सगळ्यांत जास्त तिसरी.

मित्रांनो, मोडलेले जरूर जपा, पण जोडण्याआधी ते कोणाचे आहे ते बघा. आणि तुमच्यावर कोणी ‘सामान्य’ अशी चिठ्ठी लावलीच, तर ती फाडत बसू नका. टाचणीवर तिच्या खाली अजून जागा असते.