नवीन फोल्डर चौदाचा लाल रंग

मित्रांनो, मी संगणकाच्या पडद्यावर राहणारा एक फोल्डर आहे. वय तीन वर्षं, म्हणजे आमच्यात मी म्हाताराच! आज मी लालभडक दिसतो. पण जन्मलो तेव्हा चारचौघांसारखा पिवळा होतो आणि माझं नाव होतं 'नवीन फोल्डर चौदा'.

माझ्या मालकीणबाई वाचातज्ज्ञ. ज्यांचं बोलणं अडतं, त्यांना त्या बोलायला शिकवतात. एकदा त्यांच्याकडे एक बसकंडक्टर बायकोला घेऊन आले. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा जाणार होता. लेकीला तेव्हा सातवा महिना होता. होणाऱ्या नातवंडासाठी त्यांनी चार दिवस बसून गोष्टी सांगितल्या, आकडे म्हटले, मांजराचे आवाज काढले. मधूनच सवयीने ओरडले, "चला, पुढे सरका, आत जागा आहे!" ते सगळं बाईंनी माझ्या पोटात ठेवलं.

"घरी नेता का?" बाईंनी विचारलं.

"नको बाई. ही रोज ऐकेल आणि रोज रडेल. तुमच्याकडेच राहू द्या."

पुढे मला कोणी विचारलं नाही. माझ्याभोवती पिवळ्या फोल्डरांची दाटी झाली. कोण कुठला, ओळखूच येईना. एका सकाळी बाई वैतागल्या. "कसला हा पसारा!" म्हणत त्यांनी एका फटक्यात आम्हा चाळीस जणांना कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. आणखी एक बटण दाबलं असतं, तर माझं नावनिशाण उरलं नसतं. मी जीव मुठीत धरून पडून राहिलो.

दोनच दिवसांनी कंडक्टर बायकोबरोबर आले. गळ्याला रुमाल, हातात पाटी. पाटीवर लिहिलं होतं, 'नात एक वर्षाची झाली. आता माझा आवाज द्या.'

बाईंनी पडदा धुंडाळला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी शेजारच्या दुकानातल्या संगणक-दुरुस्तीवाल्याला हाक मारली.

"टोपली रिकामी केली का, बाई?"

"केली... नाही... अहो, आठवत नाही हो मला!"

त्याने टोपली उघडली. आम्ही सगळे तिथेच होतो! तो एकेकाला बाहेर काढून तपासू लागला. माझी पाळी आली आणि खोलीभर आवाज घुमला, "चला, पुढे सरका, आत जागा आहे!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. कंडक्टरांच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि रडता रडताच ती हसली. "घरात पण अस्सेच ओरडायचे हो हे!"

कंडक्टरांनी पाटी पुसून लिहिलं, 'तरी कोणी सरकत नसे.'

मग दुरुस्तीवाल्याने इंटरनेटवरून रंगीत चित्रं उतरवून घेतली आणि माझं पिवळं चित्र बदलून लाल केलं. बाईंनी मला नाव दिलं, 'आजोबांचा आवाज'. माझी एक प्रत पेनड्राइव्हवर बसून कंडक्टरांच्या खिशात गेली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, आमच्या पोटात काय आहे, हे आम्हाला ओरडून सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागतो: आम्हाला नीट नाव द्या, दुरून ओळखू येईल असा रंग द्या, आणि टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहा. आत कोणीतरी बोलत असेल.